वाडा की ब्लॉक?

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत आमच्या माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली आला. बिस्किटांचा असावा, वरचे चित्र गंजाने खाल्ले होते. आत आजोबांच्या भाडेपावत्या होत्या. वर्षावर्षाच्या गड्ड्या, सुतळीने बांधलेल्या, आणि वाळवीने अजून तोंड न लावलेल्या. पहिली पावती 1939 सालची: पुण्याच्या शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात, मागल्या चौकातील दोन खोल्या, भाडे रुपये नऊ आणे आठ. शेवटची पावती 1996 सालची, भाडे रुपये साडेनऊ. मधल्या सत्तावन्न वर्षांत फरक पडला तो एवढाच, की 1957 च्या एप्रिलात दशमान नाणी आली आणि आण्यांच्या जागी पैसे लिहिले जाऊ लागले. पावतीवर तिकीट मात्र कधीच लागले नाही. वीस रुपयांपर्यंतच्या पावतीला ते लागत नसे.

या पावत्यांत एक निराळाच कागद निघाला. एका वहीचे फाडलेले पान, वर तारीख 1962 सालची. आजोबांनी मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने केले होते. डावीकडे ‘वाडा’, उजवीकडे ‘ब्लॉक’. वाड्याखाली भाडे 9.50, ब्लॉकखाली 65. पुढे अनामत, कचेरीचे अंतर, शाळा, मंडई, दिव्याचे बिल. सारे कसे कारकुनी टापटिपीने मांडलेले. ब्लॉकच्या रकान्यात अगदी तळाशी मात्र शिसपेन्सिलीने, वेगळ्या आणि थोड्या वेड्यावाकड्या हातात, एकच शब्द लिहिलेला होता: ‘संडास’. त्याखाली दोन रेघा ओढलेल्या. हे अक्षर आजीचे.

सणासुदीच्या अंकात हा शब्द आणल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. पण शहरात भाड्याने जागा घेणाऱ्या आपल्या मध्यमवर्गीयांचा इतिहास या शब्दाला वळसा घालून लिहिता येत नाही. मी तसा प्रयत्न करून पाहिला.

वाडा हा मुळात भाड्याने देण्यासाठी बांधलेलाच नव्हता. काळ्या दगडाचे जोते, त्यावर सागवानी खांब-तुळयांचा सांगाडा, मधे विटा आणि माती. दिंडीदरवाज्यातून आत शिरले की पहिला चौक. तेथे ओसरी, सोपा, कारकून, पाहुणे, देणेकरी. त्याच्या आत दुसरा चौक; माजघर, स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली. त्याच्याही मागे परसू, आड, गोठा. आणि परसाच्या पार टोकाला, वाऱ्याची दिशा आणि सोवळे दोन्ही सांभाळून, शौचकूप. पाणी आडाचे, नाहीतर हौदाचे. नानासाहेब पेशव्यांच्या वेळी कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळातून शहरात आणून पेठापेठांतून हौद बांधले गेले. अशा घरात एकाच आडनावाची तीस-चाळीस माणसे नांदावीत, असा तो हिशेब होता.

1818 त पेशवाई गेली आणि हा हिशेब हळूहळू चुकत गेला. सरदारांची वतने आटली, वाटण्या झाल्या, माडीवरची माणसे मुंबई-नागपूरकडे पांगली. वाडे मात्र जागच्या जागी उभे. त्याच सुमारास पुण्यात दुसऱ्याच जातीची माणसे येऊ लागली. त्यांच्याजवळ जमीनजुमला नव्हता, पण महिन्याच्या महिन्याला येणारा पगार होता. कलेक्टर कचेरी, छापखाने, 1880 साली निघालेली न्यू इंग्लिश स्कूल, 1885 साली निघालेले फर्ग्युसन कॉलेज, या साऱ्यांनी कोकणातून आणि देशावरून माणसे ओढून आणली. या माणसांना घर नको होते. दोन खोल्या हव्या होत्या. मालकाला सोबत हवी होती आणि चार रुपयेही हवे होते. अशा रीतीने वाड्यात ‘बिऱ्हाड’ आले. खुद्द लोकमान्य टिळकांचे बिऱ्हाड कित्येक वर्षे विंचूरकरांच्या वाड्यात होते. गायकवाडांचा वाडा विकत घेऊन ते तेथे गेले 1905 साली. तेव्हा बिऱ्हाडकरू असण्यात कमीपणा कोणी मानीत नसे.

पण एका कुटुंबाचे घर सात बिऱ्हाडांत कसे वाटायचे? माजघराला फळ्यांची आडभिंत घातली की दोन खोल्या झाल्या. गोठ्याला फरशी घातली की तिसरे बिऱ्हाड. जिन्याखालच्या कोनाड्यात एखादा विद्यार्थी. खोल्या वाटता आल्या; नळ आणि संडास वाटता आले नाहीत. ते परसात होते तेथेच राहिले, आणि एका घरातल्या माणसांनी एकमेकांसाठी सोसावयाच्या गोष्टी आता परक्यांसाठी सोसाव्या लागल्या. आमच्या वाड्यात सात बिऱ्हाडांना मिळून दोन संडास होते, तेही टोपलीचे. मागच्या बोळातून पहाटे सफाई करणारी माणसे येत. ती बोळातूनच परत जात. त्यांना वाड्याच्या पुढच्या दारातून आलेले कोणी पाहिले नाही, आणि त्यांच्या पायी सारा वाडा स्वच्छ राहतो याची कोणाला आठवणही होत नसे.

आजी सांगे, की पावसाळ्यात रात्री मुलाला उठवून न्यायचे म्हणजे कंदील, छत्री, तांब्या आणि मूल अशा चार वस्तू दोन हातांत धरून दोन चौक ओलांडायचे. दिवसा बायकांना तिकडे जाण्याची वेळच नसे. पुरुषांच्या आधी, उजाडण्यापूर्वी आटोपायचे, नाहीतर दुपारी सामसूम होईपर्यंत थांबायचे. आजोबांच्या रकान्यात कचेरीचे अंतर मैलांत मांडले होते. हे अंतर त्यांनी मांडले नव्हते.

वाड्याचे देणेही काही थोडे नव्हते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. माझे वडील आणि आत्या सात घरांत वाढले. आजीच्या तिसऱ्या बाळंतपणात शेजारच्या काकूंनी महिनाभर दोन्ही चुली सांभाळल्या. मृत्यू झाला तर खांद्याला माणसे शोधावी लागत नसत. आता याच शेजाराला कोणाच्या घरी काय तळले, कोणाकडे कोण आले आणि किती वाजता गेले, याचीही खबर असे. पण ती वाड्याची पट्टी होती, आणि बहुतेक माणसे ती मुकाट्याने भरीत.

ब्लॉकचे गोत्र पाहावयाचे तर मुंबईस जावे लागेल, आणि तेथे त्याच्या पत्रिकेत पहिला ग्रह सापडतो तो प्लेगचा. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीला आला. पुढच्या वर्षी पुण्यात रँडच्या शिपायांनी माजघरापर्यंत शिरून घरे तपासली, आणि 22 जून 1897 रोजी चाफेकर बंधूंनी त्याचा जाब घेतला, ही हकीगत आपण शाळेत शिकतो आणि मी ती शिकवतेही. त्या प्लेगची दुसरी संतती आपण विसरतो. 1898 साली मुंबईत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि शहराच्या उत्तरेला दादर-माटुंग्याच्या बाजूला नवी वस्ती आखायची, हे त्याचे काम. इमारतीभोवती मोकळी जागा सोडायची, उजेड-वारा यायला हवा, असे दंडक घालून तेथे भूखंड दिले गेले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, पुढे शिवाजी पार्कचा परिसर, हे सारे 1920 ते 1940 च्या दरम्यान भरत गेले.

कामगारांसाठी चाळी तर सरकारही बांधीत होते. 1920 साली निघालेल्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी येथे मिळून 207 चाळी उठवल्या. खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. दादर-माटुंग्यात मात्र खाजगी मालक नव्याच प्रकारची जागा भाड्याने देऊ लागले. एक दरवाजा, त्याला आतून कडी. आणि त्या कडीच्या आत दिवाणखाना, झोपण्याची खोली, स्वयंपाकघर, मोरी आणि संडास. जाहिरातीत तिला ‘सेल्फ-कंटेंड ब्लॉक’ म्हणत. आपण पुढचे टाकून ‘ब्लॉक’ तेवढे ठेवले, पण खरा अर्थ त्या टाकलेल्या शब्दातच होता.

आज हे वाचताना हसू येईल, पण त्या काळच्या सोवळ्यातल्या घरांना हीच गोष्ट प्रथम पचली नाही. देवघराच्या आणि चुलीच्या छपराखालीच शौचकूप! म्हणून कित्येक जुन्या ब्लॉकांत संडास शक्य तितका दूर, मागल्या गॅलरीच्या टोकाला काढलेला दिसतो; वाड्याचे परसू जणू घडी करून तिसऱ्या मजल्यावर नेलेले. भुयारी गटार आणि साखळी ओढली की येणारे पाणी, या दोघांनी मिळून शास्त्राची समजूत घातली. पुरुषांनी वर्तमानपत्रांतून वाद घालावेत. बायकांनी, मला वाटते, पहिल्याच दिवशी निर्णय दिला असेल.

निवड, निवड असे मी म्हणते आहे खरी, पण ती सर्वांपुढे होती असे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 साली परदेशातून शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना भाड्याने खोली मिळाली नाही. पारशी सराईत नाव बदलून राहावे लागले आणि थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेल्या जमावाने तेथूनही बाहेर काढले. मुंबईत परळच्या ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत त्यांनी संसार केला आणि 1930 नंतर हिंदू कॉलनीत स्वतःचे ‘राजगृह’ बांधले. भाड्याची पाटी पाहून जिना चढायचा आणि पहिला प्रश्न आडनावाचा ऐकायचा, हा अनुभव असंख्य माणसांना वाड्यातही आला आणि ब्लॉकमध्येही आला. आमच्या वाड्यातली सातही बिऱ्हाडे एकाच जातीची होती. आजोबांच्या रकान्यात जातीची ओळ नाही. त्यांना ती लिहिण्याची गरजच पडली नव्हती.

आता पुन्हा त्या साडेनऊ रुपयांकडे येते, कारण माझ्या मते सारी गोष्ट तेथे अडकली आहे.

लढाईच्या दिवसांत शहरात माणसे लोटतात, भाडी भडकतात, आणि सरकारला कायदा करावा लागतो. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस 1918 साली मुंबई इलाख्यात तो झाला, दुसऱ्याच्या आरंभी 1939 साली पुन्हा झाला, आणि 1947 साली भाडेनियंत्रणाचा तो सुप्रसिद्ध कायदा आला. त्याचा गाभा असा: 1 सप्टेंबर 1940 रोजी जे भाडे होते तेच प्रमाण भाडे, त्या तारखेनंतर जी जागा प्रथमच भाड्याने गेली, तिचे पहिले भाडे ते प्रमाण भाडे, कोर्टाने निराळे ठरवले नाही तर. भाडेकरूला कारणावाचून काढता येणार नाही. तो वारला तर त्याच्याबरोबर राहणारे घरचे माणूस भाडेकरू होईल. पागडी घेणे गुन्हा.

हेतू चांगलाच होता. या कायद्याने लाखो संसार रस्त्यावर येण्यापासून वाचवले, त्यांत आमचाही एक. पण त्याचा एक परिणाम असा झाला, की वाडा आणि ब्लॉक यांच्यामधले अंतर विटामातीचे राहिलेच नाही, ते तारखेचे झाले. वाड्यातल्या खोल्या 1940 च्या भावात गोठल्या. ब्लॉक नंतर बांधलेला, म्हणून तो नंतरच्या भावात. साडेनऊ आणि पासष्ट. दरवर्षी महागाई वाढे आणि वाड्यातून पाऊल बाहेर टाकणे अधिकच खुळेपणाचे होत जाई. नवीन घर बांधून भाड्याने देण्यात अर्थ नाही हे मालकही समजले. ते बांधून विकू लागले, आणि 1963 साली मालकीच्या फ्लॅटांचा कायदाच करावा लागला. भाड्याचा ब्लॉक ही वस्तू जन्मून पुरती तरुण झाली नाही तोच दुर्मिळ झाली. आजोबांनी रकाने मांडले ते 1962 साली, दार मिटत असता.

त्यांना ते मांडावे का लागले, हेही पावत्यांच्या डब्यातच कळते. 12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याचेही गेले, आणि मुठेचे पाणी पेठांत शिरले. मातीत बांधलेले वाडे पाण्यात उभे राहिले आणि बसले. भिंती विरघळल्या, वासे तेवढे राहिले. शुक्रवार पेठेत आमच्यापर्यंत पाणी आले नाही. आली ती नारायण पेठेतली आजोबांची बहीण, तिचे यजमान, चार मुले आणि सासू. दोन खोल्यांत तेरा माणसे तीन महिने राहिली. सातांपैकी पाच बिऱ्हाडांत हाच प्रकार. परसातल्या त्या दोन दारांपुढे पहाटे किती रांग लागत असेल, याचा हिशेब वाचकांनीच करावा. ही पाहुणी मंडळी अखेर पूरग्रस्तांच्या वसाहतीत जागा मिळून गेली, आणि त्या रात्री आजीने विषय काढला, असे आत्या सांगते.

“अहो, डेक्कनच्या बाजूला ब्लॉक मिळतोय म्हणे पासष्टात. बघून तरी या.”

“अगं, पगार एकशे ऐंशी. पासष्ट त्यातच गेले तर मुलांच्या फिया कशाने भरू?”

“मी शिकवण्या धरीन. शिवण घेईन.”

आजोबा बघून आले. रकाने मांडले. आजीने आपला एक शब्द लिहिला. पुढल्या महिन्याची पावती साडेनऊचीच आहे.

मला आजोबांना दोष देता येत नाही. मीही नोकरदार आहे, मीही तेच केले असते. पण ती एकदाची निवड पुढे साऱ्या घराची बेडी कशी झाली, हे पाहिले म्हणजे त्या पेन्सिलीच्या अक्षराकडे बघवत नाही. वडील नोकरीला लागले, तरी साडेनऊ रुपयांची जागा सोडणे म्हणजे मूर्खपणा. लग्न झाले, मी झाले, तरी तेच. मालकांची विधवा सून, मालकीणकाकू, महिन्याच्या पाच तारखेला स्वतः पावत्या घेऊन येत. सात बिऱ्हाडांचे मिळून त्यांना ऐंशीच्या आसपास रुपये मिळत. एका पावसाळ्यात कौले चाळायची म्हटले तर वर्षाचे भाडे पुरत नसे. मुंबईत जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी 1969 साली कायद्याने मंडळ तरी निघाले; आमच्या वाड्याला त्याचा काय उपयोग? आम्ही काकूंना कंजूष म्हणत असू. त्यांच्या स्वतःच्या खोलीत गळती लागली तेव्हा त्या आमच्याकडे पातेले मागायला आल्या होत्या, हे मला स्पष्ट आठवते, आणि तरीही आम्ही त्यांना कंजूषच म्हणत राहिलो.

आजोबा 1984 साली गेले. जागा आजीच्या नावावर झाली. 1991 साली वडिलांनी कर्ज काढून कोथरूडला फ्लॅट घेतला. स्वतःच्या कडीच्या आतला संडास आमच्या घराण्यात आला तो असा, रकाने मांडल्यानंतर एकोणतीस वर्षांनी. पण आता जुन्या कायद्यातली दुसरी कलमे वाचली गेली. जागा कारणाशिवाय सहा महिने वापरात नसली तर मालक ती परत मागू शकतो. भाडेकरूने स्वतःची दुसरी सोयीस्कर जागा मिळवली तरीही. फ्लॅट वडिलांचा, भाडेकरू आजी. म्हणजे आजी वाड्यातच राहिली तर हक्क टिकतो. वाडा आज ना उद्या पडणार, बिल्डर येणार, भाडेकरूंना जागा देणार, असे सारेच म्हणत होते. घरात यावर बैठक वगैरे झाली नाही. आजी तिथेच राहील एवढे ठरले, आणि ते कोणी मोठ्याने म्हटलेही नाही.

मी तेव्हा शाळेत होते. संध्याकाळी सायकलवरून तिचा डबा पोचवायला जात असे. बिऱ्हाडे बहुतेक गेली होती. चार दारांना कुलपे, आणि उरलेल्यांत अशीच राखणीला बसवलेली म्हातारी माणसे. मागल्या चौकाची एक भिंत बाहेर झुकलेली, तिला लाकडाचा टेकू. टोपल्या जाऊन तिथे केव्हाच नळाचे पाणी सोडलेले संडास झाले होते, पण होते त्याच जागी. अंधार पडला की आजी मला थांबवून घेई. “बॅटरी धर ग जरा,” म्हणे, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चौक ओलांडी. मी बाहेर उभी राहून उजेड धरीत असे. त्या वेळी मला एवढेच वाटे, की उशीर होतो आहे.

1996 च्या श्रावणात ती वाड्यातच गेली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की 1940 ची भाडी अशी गोठवून ठेवणे आता न्यायाला धरून राहिलेले नाही. मग नवा कायदा झाला आणि 31 मार्च 2000 पासून दरसाल शेकडा चार टक्के वाढ घेण्याची मुभा मालकांना मिळाली. साडेनऊवर चार टक्के म्हणजे अडतीस पैसे. काकू तोपर्यंत मुलीकडे राहायला गेल्या होत्या. वाडा बिल्डरने घेतला. आजीच्या दोन खोल्यांच्या बदल्यात वडिलांना त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावर एक छोटा ब्लॉक मिळाला, हिशेबाने तीनशे दहा चौरस फूट.

तो आम्ही भाड्याने देतो. अकरा महिन्यांच्या कराराने, आणि करार संपला की जागा रिकामी करून घेण्याच्या अटीवर. कोणाचा हक्क होऊ नये म्हणून. सध्या तेथे बँकेत काम करणारी एक मुलगी आईला घेऊन राहते. करार करायला आली तेव्हा तिने नळ सोडून पाहिला, खिडकी उघडून पाहिली. तिच्या आईने आत जाऊन संडासाचा दिवा लावून पाहिला, कडी घालून पाहिली, आणि बाहेर येऊन मुलीला म्हणाली, “घेऊन टाक.”

ते रकान्यांचे पान मी डब्यात परत ठेवलेले नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात आहे.